सुप्याच्या चौकातलं मुखपृष्ठ

बाईंनी मला नोकरीवर ठेवलं ते माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणामुळे. मी तेव्हा सुप्याला एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचो. वाढदिवसाच्या बोर्डावर दादा-भाऊंचे चेहरे गोरे करायचे, त्यांच्या डोळ्यांवर गॉगल बसवायचा आणि मागे एक सिंह सोडायचा, हे माझं काम. बाई कार्डं छापायला आल्या आणि कार्डाचं राहिलं बाजूला, माझ्या छातीकडे टक लावून बघत बसल्या. मी बटण चाचपलं.

"हे कोणी लावलं?"

"बायकोनं. आधीचं तुटलं होतं."

"पांढऱ्या शर्टाला हिरवा दोरा?"

"सुईत हिरवाच ओवलेला होता."

बाईंनी डोळे मिटून घेतले. गवयानं समेवर आल्यावर मिटावेत तसे. "खरं तर मी त्यांनाच ठेवायला हवं," त्या म्हणाल्या, "पण त्या यायच्या नाहीत. तुम्ही या सोमवारपासून."

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बाई डोक्यानं बऱ्या हायत ना?" पुढची चार वर्षं मी बाईंकडे काम केलं, पण ह्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मला तिला देता आलं नाही.

बाई एका कला आणि फॅशनच्या त्रैमासिकाच्या संपादक होत्या. हे त्रैमासिक मुंबईहून निघत असेल असं कुणालाही वाटेल, पण ते निघायचं पारनेरहून, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांतून. बाईंनी तीसेक वर्षं मुंबईत एका गुळगुळीत कागदाच्या इंग्रजी मासिकात काढली होती. तिथे त्या पार वरच्या खुर्चीपर्यंत पोचल्या आणि एके दिवशी उठून गावाकडे आल्या. का आलात विचारलं की म्हणायच्या, "उपाशी मुलींना भिंतीला टेकवून काढलेले फोटो किती वर्षं निवडायचे?" इथे येऊन त्यांनी पोटभर जेवलेल्या माणसांचे फोटो छापायला सुरुवात केली.

स्वतः मात्र बाराही महिने एकाच राखाडी रंगाच्या सुती साडीत. पायात कॅनव्हासचे बूट, हातात बाप्यांचं घड्याळ, डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा. "मी बघणारी आहे, मला दिसायचं नाही," असं म्हणायच्या. प्रत्यक्षात पारनेरच्या एसटी स्टँडवर त्यांच्याइतकं ठळक दुसरं काहीही दिसायचं नाही.

अंकाच्या पहिल्या पानावर अकरा पदं छापलेली असायची. त्यातली नऊ पदं बाईंकडे. दहावं पद 'कलाविभाग', ते मी. बाई मला नावानं हाक मारत नसत. "कलाविभागानं जरा खिडकी लावून घ्यावी," असं म्हणायच्या. अकरावं पद 'वाचक-प्रतिनिधी'. त्यावर खालचे गिरणीवाले मामा होते. दर सोमवारी अकरा वाजता संपादक मंडळाची बैठक भरायची. मामा दळण थांबवून, भुवयांवरचं पीठ झटकत वर यायचे आणि दर सोमवारी एकच गोष्ट सांगायचे, "बाई, कव्हरावर जरा रंग टाका. लाल, पिवळा, कायतरी. लोकास्नी बघू वाटलं पायजे." बाई वहीत लिहायच्या, 'वाचक-प्रतिनिधींची सूचना एकमतानं फेटाळण्यात आली.' मग मामाही त्याखाली सही करून दळायला जायचे.

'सुंदर' ह्या शब्दाला कचेरीत बंदी होती. मी एकदा एका पैठणीखाली 'सुंदर पैठणी' असं लिहिलं, तर बाईंनी मला पैठणीवाल्या आजींकडे परत पाठवलं. म्हणाल्या, "काय दिसलं ते लिहून आणा." मी गेलो, दुपारभर बघत बसलो, आणि 'पदरावरच्या आठ मोरांपैकी एकाला चोच नाही' असं लिहून आणलं. बाईंनी माझी पाठ थोपटली. आजी मात्र माझ्यावर कायमच्या रुसल्या. चोचीचं त्यांना पन्नास वर्षांत कळलं नव्हतं.

एकदा एका पुढाऱ्याच्या सौभाग्यवतींनी मुखपृष्ठासाठी स्वतःचा फोटो पाठवला. सोबत चार माणसं, एक नारळ आणि पेढे. बाईंनी पेढे ठेवून घेतले आणि उत्तर लिहिलं, 'साडी उत्तम आहे. मध्ये आपण आला आहात.' ते पत्र मी टपालात टाकलं नाही. 'अंकाचं नियोजन पूर्ण झालं आहे' असं दुसरं लिहून टाकलं. बाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून आम्ही पारनेरला राहू शकलो.

आठवडी बाजार हा बाईंचा फॅशन शो. कांद्याच्या ढिगाशेजारी एक क्रेट पालथं घालून त्या पहिल्या रांगेत बसायच्या, मांडीवर वही. लोकांना वाटायचं, बाजार समितीकडून कुणी मोजायला आलंय. मध्येच उठून एखाद्या म्हाताऱ्याच्या कोपरीच्या आतल्या खिशात दोन बोटं घालायच्या. "घाबरू नका, शिवण बघतेय," असं सांगायच्या. म्हातारा जास्तच घाबरायचा.

अशाच एका बाजारात त्यांना पूर्वेकडच्या ऊसतोडीच्या बायकांची टोळी दिसली. त्यातल्या एकीनं लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घातला होता, पाचटानं हात कापू नयेत म्हणून. कॉलर ताठ, बाह्या खाली ओढलेल्या, वरून कमरेला गोणपाटाचं चवाळं आवळलेलं. बाई क्रेटवरून उठून उभ्याच राहिल्या. "कलाविभाग, पाच पानं," म्हणाल्या. त्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोला यायला सांगितलं. ती आली. अंगावर नवीकोरी चमचमती गुलाबी साडी, तोंडाला पावडर, केसात शेवंतीची वेणी.

"शर्ट कुठंय?" बाईंनी विचारलं.

"त्यो व्हय? फाटका हुता बाई. फोटूत कसा घालायचा? मला काय लाज न्हाई?"

बाई रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. मग फोटो गुलाबी साडीतलाच काढला, तिला तिची प्रत पाठवली, आणि अंकात पाच पानं कोरी सोडायची की नाही ह्यावर आमची बैठक दोन तास चालली. मामा म्हणाले, "कोरी सोडा, पोरांना गनितं करायला हुतील."

तर सगळ्या जिल्ह्यानं फोटोसाठी आपले कपडे बदलले तरी चालेल, बाईंना खरी काळजी होती ती एकाच माणसाची. ते माणूस म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का.

आक्का पारनेर-सुपा रस्त्यावरच्या एका वस्तीवर राहायच्या. आई गेली तेव्हा बाई दोन वर्षांच्या होत्या आणि आक्का सोळाच्या. आक्कांनीच त्यांना वाढवलं, सासरी जाताना सोबत नेलं, आणि सासऱ्यांशी भांडून मुंबईला चित्रकला शिकायला पाठवलं. पण शिकून बाईंनी जे काही केलं त्यावर आक्कांचा काडीचा विश्वास नव्हता. "कापडं घालायची असत्यात," त्या म्हणायच्या, "छापायची कशाला?"

प्रत्येक नवा अंक छापखान्यातून आला की पहिली प्रत बाई स्वतः आक्कांकडे घेऊन जायच्या. आक्का गुरांचं बघत असायच्या. मान न वळवता म्हणायच्या, "ठिव तितं." पुढच्या खेपेला तो अंक कधी फळीवर डब्यांखाली अंथरलेला दिसायचा, कधी त्यावर कुरडया वाळत असायच्या. बाई आल्या की चहा मिळायचा, दशमी मिळायची, दोन शिव्याही मिळायच्या, पण अंक कुणी उघडलेला नसायचा. एरवी दिल्ली-मुंबईच्या माणसांना फाडून खाणाऱ्या आमच्या बाई परतताना माझ्या मोटरसायकलवर मागे गप्प बसायच्या. एकदा म्हणाल्या, "तिनं फक्त एकदा उघडून 'घाण आहे' म्हणावं. माझं भागेल."

आणि एका खेपेला आक्काच आपणहून म्हणाल्या, "बारके, माझा येक फोटू काढ." बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. आक्का म्हणाल्या, "माझ्या मागं भितीवर लावायला लागंल. ह्या पोरांनी लग्नातला लावला तर त्यात माझं डोळं मिटल्यालं हायत."

आक्कांनी कपडे बदलले नाहीत. पावडर लावली नाही. होत्या तशाच, गोठ्यातून येऊन, हिरव्या इरकली लुगड्यात दारापुढे उभ्या राहिल्या. हसल्याही नाहीत, कारण भिंतीवरच्या फोटोत हसायचं नसतं. बाईंनी फोटो काढला. तीस वर्षं जे शोधलं ते बहिणीच्या अंगणात उभं होतं असं त्या मला नंतर म्हणाल्या, आणि ह्यात जराही अतिशयोक्ती नव्हती.

मुखपृष्ठ ठरलं. फोटो काळापांढरा. "रंग दिला की लोक रंग बघतात, नेसण बघत नाहीत," हे बाईंचं म्हणणं. आक्का ओचा डावीकडे खोचायच्या. निऱ्यांचं टोक उचलून कमरेला खोचायची ही पद्धत गावातल्या इतर बायकांची उजवीकडची होती, आक्कांचीच तेवढी डावी. बाईंनी त्या एका ओच्यावर चार पानी लेख लिहिला, सात गावं पालथी घातली, पण डावीकडे का, ते काही सापडलं नाही. आक्कांना त्यांनी विचारलं नाही, कारण मुखपृष्ठाची गोष्ट त्यांना आधी कळू द्यायची नव्हती. अंक निघेल त्या दिवशी सुप्याच्या चौकात त्यांना नेऊन भलामोठा बोर्ड दाखवायचा, असा बेत होता.

बोर्डाचा मजकूरही बाईंचाच. वर आक्कांचं नाव. खाली, 'अशी नेसण आता होणे नाही.' त्याखाली, 'रविवारी सकाळी आठ वाजता, याच ठिकाणी.' 'प्रकाशन सोहळा' हे शब्द त्यांना गावंढळ वाटायचे, ते काढून टाकले. मी फाईल माझ्या जुन्या दुकानात मोबाईलवरून पाठवून दिली आणि निश्चिंत झालो. ज्या माणसानं पोटासाठी शेकडो बोर्ड केले, त्याच्या हे लक्षात येऊ नये, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास गिरणी अचानक बंद झाली. मामा वर आले. टोपी हातात, डोळ्यांत पाणी, गालावरच्या पिठात त्याचे ओघळ.

"बाई, कळवायचं तरी," ते म्हणाले. "खाली मी दळत बसलोय आन् मला मोबाईलवर कळावं?"

त्यांनी फोन पुढे केला. कुणीतरी सुप्याच्या चौकातला बोर्ड टिपून सगळ्या तालुक्यात फिरवला होता. आमच्या भागात जिवंत माणूस बोर्डावर येतो तो रंगीत, गॉगल लावून, सिंहासकट. इथे आक्का काळ्यापांढऱ्या, गंभीर. गळ्याशी जाड पिवळाधमक झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना पेटलेल्या समया, डोक्यामागे उजेडाचं वलय. आणि खाली रविवारी सकाळी आठची वेळ, म्हणजे दशक्रियाच.

बाईंनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. मग त्यांनी विचारलं, "झेंडू कोणी घातला?"

मी दुकानाच्या मालकाला फोन लावला. तो अगदी मायेनं बोलला. "आरं, तुझ्या फाईलीत हार राह्यला हुता. म्हटलं, घाईत इसरला आसशील. दिला बसवून. समया बी टाकल्या. आपल्या घरचंच काम हाय, त्यात काय येवढं." त्याच्या खुर्चीत मी असतो तर मीही हार घातलाच असता.

आम्ही मोटरसायकल काढली ती थेट वस्तीवर. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आधीचा भाग आक्कांनीच नंतर सांगितला. त्या धार काढून बाहेर आल्या तर रस्त्यावरून चार-पाच बायका तोंडावर पदर घेऊन, हेल काढून रडत येत होत्या. रीत अशी, की दारातल्या बाईच्या गळ्यात पडून रडायचं. त्या पडल्या. आता गळ्यात पडून कुणी रडत असताना आपण नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून आक्काही हंबरडा फोडून रडल्या. सगळ्या मिळून चांगली पाच मिनिटं रडल्या. मग आक्कांनी नाक पुसून हळूच विचारलं, "पर कोन गेलं गं?"

"आक्का गेल्या वोऽऽ!"

"कोन आक्का?"

पुढे काय झालं ते सांगायला नको. एकीला चक्कर आली, तिला आक्कांनीच कांदा फोडून हुंगवला.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दोन टेम्पो उभे होते आणि तिसरा वळत होता. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पाहुण्यांनी पिठलं-भाकरी बांधून आणली होती, आणि तसलं अन्न माघारी न्यायचं नसतं. तेव्हा सगळे ओळीनं जेवायला बसले होते. आक्का वाढत होत्या. टेम्पो घेऊन आलेला, सुप्याच्या कंपनीतला एक भाचा कपाळाला हात लावून बसला होता. "आत्या वारली म्हनून सुट्टी घेतलीया," तो मला म्हणाला. "आता सायबाला काय सांगू? उठली म्हनून?"

दुपारी सगळ्यांत शेवटी आक्कांची धाकटी जाऊ आली. इस्त्रीची साडी, हातात फोन. दारातच म्हणाली, "मला वाटलंच हुतं, खोटं आसंल." आणि रडल्याशिवायच जेवायला बसली. आक्कांनी तिला वाढलं, पण पिठल्याचा डाव जरा आपटला.

पाहुणे पांगले तशा आक्का बाईंपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"बारके, माझ्या जित्तेपनी हार घातलास?"

बाईंनी मुखपृष्ठ, काळापांढरा, नेसण, सगळं सांगायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. आक्का म्हणाल्या, "तुला वाढीवली ती ह्याच्यासाठी? आजपास्नं त्यो अंक माझ्या दारात आनायचा न्हाई." बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. "आणणार नाही," त्या म्हणाल्या. "काढणारच नाही. बंद करते." आणि मला म्हणाल्या, "चला, तो बोर्ड उतरवू." त्यांनी मला 'कलाविभाग' म्हटलं नाही, तेव्हाच मला कळलं, हे खरं आहे.

आम्ही निघालो तर मागून आक्का येऊन त्या भाच्याच्या टेम्पोत चढल्या. "मला बी बघू दे, माझं काय केलंय ते."

सुप्याच्या चौकात टेम्पो थांबला. पुण्या-नगरच्या गाड्या भरधाव चालल्या होत्या आणि वर, विजेच्या खांबाएवढ्या, आक्का. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी बोर्डाकडे बघून टोप्या काढल्या होत्या, त्यांचं लक्ष टेम्पोतून उतरणाऱ्या आक्कांकडे गेलं आणि एकाच्या हातून चहा सांडला. आक्का मान वर करून उभ्या राहिल्या. बाई त्यांच्या मागे, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा.

"ओचा डावीकडंच दिसतुया," आक्का शेवटी म्हणाल्या.

"हो."

"तुला दिसला व्हय?"

"त्याच्यावरच तर चार पानं लिहिलीत," बाई म्हणाल्या. "पण का, ते सापडलं नाही."

"मला इचारायचं हुतं की. आईचं बघून. तू सारखी तिच्या उजव्या कडंवर आसायचीस. इकडं खोचलं की तुझ्या पायानं सुटायचं, म्हनून ती डावीकडं खोचायची. माझ्या कडंवर आलीस तवा मी बी तसंच क्येलं. मग ऱ्हायलं ते ऱ्हायलं."

बाई भर चौकात, त्या बोर्डाखाली, आक्कांचे पाय धरून ढसाढसा रडल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. तिकडून एसटी चालली होती, तिच्या खिडक्यांतून बायाबापड्यांनी बोर्डाला आणि आम्हाला एकदमच हात जोडले.

आक्कांनी पदरानं बाईंचं तोंड खसाखसा पुसलं. "ऊठ. बंद बिंद काय करायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यो हार तेवढा काढ, आन् त्या समया. बाकी ऱ्हाऊ दे."

बाई मान हलवत उठल्या. आक्का परत टेम्पोत चढल्या, बसल्या, आणि काहीतरी आठवून त्यांनी पुन्हा बाहेर डोकं काढलं.

"आन् पुढच्या अंकावर माझ्या धाकट्या जावंला लाव. हारासकट. बघू तिला किती टेम्पो येत्यात."